तलावाच्या काठावरची इंटर्नशिप : कचारगड ते मेंढा

किनाऱ्याचं विज्ञान शिकवायचं तर कोकणात जा, विदर्भात काय ठेवलंय, असं आमच्या इंटर्नशिपच्या गटातल्याच एका शिक्षिकेने पहिल्या बैठकीत विचारलं. त्या रत्नागिरीकडच्या, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी (म्हणजे मालगुजार या जमीनदारांच्या काळातले) तलाव आहेत आणि प्रत्येकाला काठ आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, इथे वर्षातून एकदाच. पावसाळ्यात पाणी पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला भिडतं, मग मे महिन्यापर्यंत काठ हळूहळू आत सरकत जातो. उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यात कुठे देवधान हा रानटी भात, कुठे ओल्या गाळात केलेली पेरणी म्हणजे गाळपेर, कुठे चिखलात चोची खुपसणारे पाणपक्षी. काठाचा अभ्यास करायला एवढं पुरे.

आमची ही फिरती इंटर्नशिप मोठ्या माणसांची आहे. शिक्षक, परिचारिका, निवृत्त बँकवाले, दोन-तीन एम.एस्सी. झालेले. मोठ्यांना शिकवण्यापेक्षा गप्प बसवणं अवघड. लहान मूल विचारून मोकळं होतं, मोठा माणूस आधी स्वतःचं ज्ञान सांगतो. म्हणून पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, की तलावावर शिकवणारे ढिवर म्हणजे इथले मच्छीमार आणि गावात शिकवणारे गोंड, आपण फक्त वह्या धरायच्या.

सुरुवात कचारगडपासून केली. गोंदियापर्यंत रेल्वे, पुढे सालेकसा तालुक्यातल्या दरेकशाला उतरून डोंगराकडे. गोंडांचं हे श्रद्धास्थान. गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो यांनी गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवलं, ती कथा इथलीच मानतात. माघ पौर्णिमेला यात्रा भरते आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापर्यंतचे लोक येतात. भेटल्यावर ‘जय सेवा’ म्हणा, चपला कुठे काढायच्या ते विचारून घ्या. यात्रेच्या दिवसांत शिकवणी-बिकवणी विसरा, गर्दीत चार माणसं एकत्र ठेवणंही जमत नाही. आम्ही पौर्णिमा टाळून गेलो, तेच बरं झालं.

खरा मुक्काम अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नवेगावबांध सगळ्यांना माहीत आहे, तिथे पक्षी बघा, पण पाण्याचे नमुने तिथे घेऊ नका. ते क्षेत्र २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे परवानगीशिवाय बाटलीभर पाणीही भरायचं नाही. त्यापेक्षा एखादा गावतलाव निवडा, ज्याचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेला आणि ग्रामपंचायतीला निदान महिनाभर आधी पत्र द्या आणि एकदा स्वतः जाऊन भेटा. फोनवर मिळालेला होकार खरा धरू नका.

तलाव बघताना आधी पाळीवरून चालत जा. पाणी सोडायचं तुडूम कुठे, जादा पाणी जायचं सलांग कुठे, खाली शेत कुणाचं, हे कळल्याशिवाय पाण्यात उतरण्यात अर्थ नाही. ही तळी बहुतांशी कोहळी समाजाने बांधली. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढायचं काम कुणाचं हा प्रश्न तेव्हापासून पाळीवर बसून आहे. बेशरम ही तणासारखी माजणारी वनस्पती काठाने पसरलीय ती त्यातूनच. आमच्या गावात बायका ती मुळासकट उपटत होत्या, नुसती कापली की पुन्हा फुटते. आमचे बँकवाले काका तासाभरात हात वर करून बसले.

ऑक्सिजनची चाचणी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धतीची पेटी आम्ही नेली होती. तिच्यात साका जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. पहाटे उजाडायच्या आधी एक बाटली भरली, रसायनं टाकली, तर साका फिकट बदामी. दुपारी तीनला त्याच जागेवरची बाटली भरली, तो गडद तपकिरी. रात्रभर वनस्पती आणि मासे दोघंही ऑक्सिजन वापरतात, दिवसा उन्हात वनस्पती तो परत करतात. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांना जड जायला लागतं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मी समजावत होतो, तेवढ्यात डोंग्याजवळ जाळं सोडवत बसलेले ढिवर काकाजी म्हणाले, “आभार भरला का सकारी मासोरी वरतं येते जी, तोंड उघडते.” म्हणजे आभाळ भरून आलं की सकाळी मासळी वर येऊन तोंड उघडते. ढगाळ दिवशी ऑक्सिजन का घटतो यावर मी केलेली अर्ध्या तासाची तयारी तिथेच संपली. पुढचा तास त्यांनीच घेतला आणि छान घेतला.

म्हणून अशा शिकवणाऱ्यांच्या मानधनाचं स्पष्ट बोलतो. कॉलेजात तासिकेवर शिकवणाऱ्याला जो दर देता तोच इथे द्या, त्याच दिवशी, रोख. शाल-श्रीफळ देऊन भागवू नका. त्यांचा सकाळचा मासा आपल्यामुळे बुडतो, त्याचं मोल आहे. वेळही त्यांचीच. जाळं पहाटे ओढतात, तर वर्ग पहाटे. नाश्ता नऊला हवा असणाऱ्यांनी या इंटर्नशिपला येऊ नये.

सारस दिसला तर मुकाट्याने बघा. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलाय. घरट्याचं ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या एकाला मी गाडीत बसवून ठेवलं होतं, पुन्हाही ठेवीन.

पुढे वडसामार्गे गडचिरोली आणि तिथून धानोरा रस्त्याला सुमारे ३० किलोमीटरवर मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गोंडांचं गाव. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यास गटात विषय चघळला जातो. भेटीसाठी ग्रामसभेला आधी लिहा, नकार आला तर हुज्जत घालू नका. घोटुलाचे, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामूहिक घराचे, फोटो विचारून काढा. नाच दाखवा म्हणू नका, तो काही कार्यक्रम नाही. आम्ही तलावाच्या नोंदींची एक प्रत मच्छीमार संस्थेला दिली होती, ते इथे सांगितल्यावर बोलणं बरंच मोकळं झालं.

जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायची गडबड, मेमध्ये तेंदूपत्ता, तेव्हा कुणाला तुमच्याशी बोलायला सवड नसते आणि ऊन ४५ अंशांच्या घरात जातं. मच्छरदाणी प्रत्येकाची स्वतःची हवी, गडचिरोलीत मलेरिया आहे. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. रोख रक्कम जवळ ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका. जेवायला भात, लाखोरीचं (लाखेच्या डाळीचं) वरण, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी आणि मासा. पोळीचा हट्ट धरू नका.

वडशाला येता-जाता झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचं नाटक लागलेलं असेल तर चुकवू नका. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. जाड चादर न्या. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीचं तिकीट मात्र काढू नका.