बॉस्टनच्या खासगी डे स्कूलमध्ये सातवीचा प्रवेश : माझा अनुभव

बॉस्टन परिसरातल्या मराठी घरांत मुलगा पाचवीत गेला की ‘लॅटिन’चा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या शाळांची गल्लत होते. बॉस्टन लॅटिन (१६३५) ही सरकारी शाळा; फी नाही, पण शहरात राहणाऱ्यांनाच प्रवेश. रॉक्सबरी लॅटिन खासगी. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने ती १६४५ मध्ये काढली. आता ती वेस्ट रॉक्सबरीत आहे. फक्त मुलगे, सातवी ते बारावी मिळून तीनशेच्या आसपास, वसतिगृह नाही. आम्ही मुलासाठी हिच्यासह अशाच काही डे स्कूलचे अर्ज भरले. सगळीकडची पद्धत जवळपास सारखी होती.

आपल्याला प्रवेश परीक्षा म्हटलं की गुणांची यादी आणि कटऑफ आठवतो. इथे तसं काहीच नसतं. परीक्षेचा निकाल हा फाइलमधला एक कागद. बाकीचे कागद वेळेवर आणि नीट जाणं, हेच खरं काम.

तरी परीक्षेबद्दल आधी सांगते. सातवी-आठवीच्या प्रवेशासाठी आयएसईई या खासगी शाळांच्या सामायिक प्रवेश परीक्षेची मिडल लेव्हल असते. शब्दज्ञानाचे ४० प्रश्न २० मिनिटांत, संख्यात्मक तर्काचे ३७ प्रश्न ३५ मिनिटांत, उताऱ्यांचे ३६ प्रश्न ३५ मिनिटांत, गणिताचे ४७ प्रश्न ४० मिनिटांत आणि शेवटी ३० मिनिटांचा निबंध. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. एसएसएटी या तशाच दुसऱ्या परीक्षेच्या मिडल लेव्हलला मात्र चुकीमागे पाव गुण जातो. दोन्हींचा सराव एकदम केला की मुलाची सवय बिघडते, एकच निवडा. निबंधाला गुण नसतात, पण तो जसाच्या तसा शाळांकडे जातो. तिथे मुलाची स्वतःची भाषा दिसते, म्हणून पाठ केलेला निबंध लिहायला लावू नका.

निकाल पाहून अनेक पालक हादरतात. शाळेत कायम वरच्या पाच टक्क्यांत असलेल्या मुलाचा पर्सेंटाइल साठीत येतो. कारण साधं आहे: तुलना राज्यातल्या सगळ्या मुलांशी नसते, गेल्या तीन वर्षांत खासगी शाळांसाठी हीच परीक्षा दिलेल्या त्याच इयत्तेच्या मुलांशी असते. शिवाय एकच पेपर दोन इयत्तांना असल्याने सहावीत न शिकवलेलं गणितही येतं. आपल्या मुलांचं गणित सहसा निभावतं. शब्दज्ञान मागे पडतं, आणि ते चार महिन्यांच्या शब्दयाद्यांनी भरून निघत नाही. त्याला वाचनच लागतं.

सगळ्यांत जास्त अडतं ते शिक्षकांच्या शिफारशींपाशी. गणित आणि इंग्रजीच्या चालू वर्षाच्या शिक्षकांची शिफारस लागते, आणि त्यांची मुलाशी ओळख सप्टेंबरपासूनचीच. ऑक्टोबरात विनंती करावी आणि फॉर्मची लिंक पोचली का, हे नाताळच्या सुट्टीआधी विचारून घ्यावं. सरकारी शाळांच्या ईमेलमध्ये ती बरेचदा स्पॅममध्ये जाते. शिफारस थेट शाळेकडे जाते. ती वाचायचा हक्क सोडल्याची सही आपण आधीच दिलेली असते. पोर्टलवर खूण दिसेपर्यंत ती पोचली असं धरू नका.

मुलाखतीत मुलगा एकटा आत जातो, पालक नंतर. त्याला अलीकडे काय वाचलंस, शाळा सुटल्यावर काय करतोस, असं विचारतात. पालकांनी बक्षिसांची यादी वाचू नये. मूल कुठे अडखळतं हे खरं सांगितलेलं ते मन लावून ऐकतात. रॉक्सबरी लॅटिनची मुलं कोट-टाय घालून येतात, लॅटिन सक्तीचं असतं, तास संपल्यावर खेळ. म्हणजे घरी पोचायला सहा वाजतात. नीडहॅम लाइनची लोकल वेस्ट रॉक्सबरीतून जाते. वेळापत्रक अर्ज करण्याआधीच पाहावं.

आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेश मिळाल्यावर करायचा, हा समज महागात पडतो. तो प्रवेश अर्जासोबतच, जानेवारीच्या आसपास द्यावा लागतो. टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा दाखला), सगळी मालमत्ता. भारतातला फ्लॅटही डॉलरमध्ये दाखवायचा. आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर खुलाशाच्या रकान्यात रकमेसह लिहा, नाहीतर तो खर्च कुणाला दिसतच नाही. रॉक्सबरी लॅटिन प्रवेश ठरवताना कुटुंबाची ऐपत पाहत नाही. इतर अनेक शाळा पाहतात. हे प्रत्येक ठिकाणी थेट विचारावं, त्यात संकोच कसला?

निर्णय १० मार्चला येतात, उत्तर १० एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. करारावर सही करण्याआधी फीचं कलम वाचा: ठरावीक तारखेनंतर माघार घेतली तरी बहुतेक शाळांत पूर्ण वर्षाची फी देणं लागतं. प्रतीक्षायादीत नाव असेल तर जागा हवी असल्याचं त्याच आठवड्यात दोन ओळींत लिहून कळवा, आणि दुसरीकडे मिळालेली जागा तोवर सोडू नका.