सगळं पुस्तक वाचता का हो आधी?

मुखपृष्ठं काढते म्हटलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत आला, बँकेच्या रांगेत आला, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात दोन बोटं असताना विचारलं. "सगळं पुस्तक वाचता का हो आधी? की नुसतं नाव बघून...?" पुढचं वाक्य अर्धवट सोडायची पद्धत आहे. तुम्हीही तसंच सोडलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझं ठरलेलं उत्तर असं: बहुतेक वेळा वाचते. प्रत्येक वेळी नाही. कवितासंग्रह मात्र कायम अथपासून इतिपर्यंत, कारण तो जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात संपतो.

आता नाक मुरडण्याआधी जरा ऐका. गणपती ते दिवाळी माझ्या टेबलावर सात-आठ मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची कथाचित्रं एकदम येऊन पडतात. कादंबरी येते तीही अर्धी. शेवटची दोन प्रकरणं लेखक अजून घासत असतो. पानं ठरलेली नसतात म्हणून पुस्तकाच्या कण्याची जाडी ठरलेली नसते आणि प्रकाशक फोनवर म्हणतो, "तुम्ही काढा हो, कणा मागून वाढवू." शिवाय मुखपृष्ठ म्हणजे काही सारांश नव्हे. प्रदर्शनात चार हात लांबून जाणाऱ्या माणसाचे पाय थबकले पाहिजेत, एवढंच त्याचं काम.

हे मी वीस वर्षं बोलत आलेय. पाठच झालंय.

यात मी चित्रकार दीनानाथ दलालांनाही ओढायचे. आमच्या घरी ट्रंकेत 'दीपावली' या दिवाळी अंकाचे जुने अंक होते. दलालांनी 1945 मध्ये तो अंक सुरू केला आणि 1971 मध्ये ते गेले, म्हणजे मला ते भेटले ते त्या ट्रंकेतूनच, डांबरगोळ्यांच्या वासासकट. ती रंगांची खैरात बघून मी या धंद्यात आले. "एवढी मुखपृष्ठं करणारा माणूस दर वेळी सगळं वाचत बसला असेल का?" असं मी ऐटीत विचारायचे. जणू ते मला येऊन सांगून गेले होते! आणि दुसरीकडे वसंत सरवटे. सिव्हिल इंजिनिअरची नोकरी सांभाळून चित्रं काढणारा हा माणूस मजकुराला रेषेतून पुढचं एक वाक्य जोडायचा. ते वाचल्याशिवाय जमणं शक्य नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मी फक्त त्यांचं नाव काढत नव्हते.

आणि काम करताना लावलेलं गाणं. वाचन कमी पडलं तर गाणं भरून काढेल, असा माझा गोड समज होता. कच्चं काढताना शब्द नको असतात, नुसती सारंगी चालते. टाक शाईत बुडाला की कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. लय चढली की माझ्या छायेच्या रेघा जवळजवळ येतात आणि किंचित उजवीकडे कलतात. जुन्या चित्रात तबला कुठे धावायला लागला ते मला आजही बोट ठेवून दाखवता येतं.

बारा वर्षांपूर्वी एका पेटीवाल्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. सातारा जिल्ह्यातले, भजनी मंडळात पन्नास वर्षं पेटीची साथ केलेले. 184 पानं. साठ वाचली आणि थांबले. गाण्याचं पुस्तक, मला कोण काय शिकवणार! तीन रात्री बसले. मागे काळोख, चेहरा नाही, फक्त पेटी आणि पट्ट्यांवर पसरलेला उजवा हात. त्या हातावर मी जीव लावला. नखं, शिरा, काळ्या पट्टीकडे सरकताना तर्जनीखालून जाणारा अंगठा, सगळं. प्रकाशक खूश. मीही.

प्रकाशन तालुक्याच्या वाचनालयात होतं. पेटीवाले इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले. कुणीतरी पुस्तक हातात दिलं. बराच वेळ बघत राहिले, मग आपला उजवा हात चित्रातल्या हाताशेजारी ठेवला, चपलेचं माप घेतात तसा. त्यांचं मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच होती.

"ताई, हा हात कुणाचा हो?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेच म्हणाले, "छान आहे. माझा असता तर असाच असता." आणि व्यासपीठावर जाऊन त्यांनी त्याच हाताने मला शाल-श्रीफळ दिलं.

परतीच्या गाडीत पान 94 वाचलं. एकोणिसाव्या वर्षी बोटं मळणी यंत्रात गेली. मग उजव्या हाताने भाता, डाव्याने पट्ट्या, पुन्हा सारेगमपासून. पुढची नव्वद पानं त्या डाव्या हाताचीच होती.

तेव्हापासून सगळं वाचते. झालं समाधान? माझं नाही झालं. गेल्या वर्षी एक कादंबरी दोनदा वाचली आणि मुखपृष्ठावर पूल, विहीर, आईचा चष्मा आणि एक शेळी असं सगळं कोंबलं. प्रकाशक म्हणाला, "यात बघायचं कुठे?" तिशीतली मी तेव्हा मनातल्या मनात खो खो हसले असणार. मी तिला सुनावते, निदान त्यावर कुणाला हाताचं माप तरी घ्यावं लागलं नाही. ती म्हणते, पण लोक अजून नाव घेतात ते पेटीवाल्याच मुखपृष्ठाचं. घेतात. मला ते आवडत नाही, आणि आवडतंही.

पेटीवाल्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती ठरली तेव्हा मी पैसे न घेता नवं चित्र काढलं. डावा हात पट्ट्यांवर, उजवा भात्यावर, बोटं जशी आहेत तशी. या वेळी काहीही लावलं नव्हतं, पंख्याचा आवाज तेवढा. त्यांना पाठवलं. चार दिवसांनी फोन आला.

"हे बरोबर आहे, ताई. पण पहिलंच राहू द्या."

का, ते विचारायचं धाडस झालं नाही. नवं चित्र ड्रॉवरमध्ये पडून आहे. दुसरी आवृत्ती उजव्याच हाताने निघाली.