ग्रासमधला शिळा गजरा

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण सासूबाईंना घेऊन जात असाल तर स्टेशनवरून गावात चालत चढू नका. कान शहरातून निघालेली गाडी अर्ध्या तासात डोंगराच्या पायथ्याशी सोडते आणि गाव राहतं वर. मी "दहा मिनिटं, आई" म्हणाले होते. आई तिसऱ्या जिन्यावर बसल्या त्या पाणी पिऊनही उठेनात. त्याआधीचे नीसचे तीन दिवस समुद्र बघण्यात गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

वर पोचल्यावर एका अत्तराच्या कारखान्यात शिरलो, कारण आत फुकट फिरवतात. फुकट का, ते वीस मिनिटांत कळलं. तांब्याचे भलेमोठे हंडे, पाठ केलेलं घडाघडा म्हणणारी मुलगी, टाचेवर पाय देणारा मागचा घोळका, आणि शेवटचं दार थेट दुकानात. पाच युरोची साबणाची वडी घेऊन मी चडफडत बाहेर आले.

अत्तराच्या संग्रहालयात मात्र बरं वाटलं. हे गाव मुळात कातडी कमावणाऱ्यांचं. हातमोज्यांच्या कातड्याला दर्प यायचा म्हणून ते सुगंधी करायला लागले, आणि पुढे हातमोज्यांचा धंदा बसला तरी सुगंधाचा चालूच राहिला. २०१८ साली इथल्या अत्तरविद्येला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आईंनी हे सगळं बाकावर बसून ऐकलं.

खरी गंमत झाली जुन्या गावातल्या बोळात. एका छोट्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आईंना आधी खुर्ची दिली (एवढ्यावरच माझं मत बदललं), मग कपाटातून बोटाएवढी कुपी काढली. आत काकवीसारखा दाट, तपकिरी अर्क. ग्रासच्या जाईचा. किलोभर जाईत आठ-दहा हजार फुलं बसतात, आणि असा किलोभर अर्क काढायला सहा-सातशे किलो फुलं लागतात, म्हणाले. कागदाच्या पट्टीचं टोक बुडवून त्यांनी माझ्या हातात दिलं. पहिल्यांदा पिकल्या केळ्यासारखं गोड काहीतरी, मग चहा. त्याच्या खाली आणखी एक वास होता, पण परक्या माणसासमोर त्याचं नाव घ्यायला मला संकोच वाटला.

आईंनी पट्टी नाकाशी धरून डोळे मिटले.

"शिळा आहे."

"काय?"

"अगं, गजरा शिळा आहे हा. रात्री डोक्यातून काढायचा राहिला की सकाळी उशीला येतो ना, तोच वास."

मी जमेल तितकं गुळमुळीत करून ते इंग्रजीत सांगितलं. गृहस्थ रागावले तर नाहीतच, टेबलावर थाप मारून हसले. त्या वासाचं नाव इंडोल. ताज्या जाईतही तो असतो, फूल कोमेजेल तसा वाढतो, आणि तेच रसायन माणसाच्या विष्ठेतही सापडतं. तो काढून टाकला तर जाईचा नुसता साबण होतो. पूर्वी इथे काचेवर चरबी थापून त्यावर दिवसभर फुलं पसरत. खुडलेली जाई मरेपर्यंत गंध सोडत राहते, त्यामुळे चरबीत ताजा गजराही उतरायचा आणि शिळाही. आता हेक्झेन नावाच्या द्रावकाने अर्क काढतात आणि त्यातलं मेण अल्कोहोलने वेगळं करतात.

मग त्यांनी शनेल नंबर पाच या प्रसिद्ध अत्तराचा विषय काढला. १९२१ साली अर्नेस्ट बो यांनी ते केलं. विमानतळावर ती बाटली मी कितीदा तरी हुंगून परत ठेवली आहे. मला त्यात इतकी वर्षं फक्त परीटघडीचा वास यायचा. तो वरवरचा, अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा. खाली ही ग्रासची जाई आहे. म्हणजे वर इस्त्रीची चादर आणि खाली आईंची ती उशी. हे कळल्यावर पहिल्यांदा ते अत्तर मला आवडलं.

"फुलं इथलीच?" मी विचारलं.

ही इथलीच, पण धंद्यातली बहुतेक जाई आता इजिप्त आणि तमिळनाडूतून येते, म्हणाले. शिवाय जाईचं झाड मूळचं आपल्याच बाजूचं, सतराव्या शतकात इथे आलेलं. आईंना मी हे सगळं मराठीत सांगितलं.

"मग मला एवढे जिने कशाला चढवलेस?"

दुसऱ्या दिवशी जवळच्या मुआँ-सार्तू गावी त्याच संग्रहालयाच्या बागेत गेलो, तर पोचायला दुपार झाली. जाई रात्री उमलते आणि खुडायची पहाटे, हे मला दुकानातल्या त्या गृहस्थांनीच बजावलं होतं. एक पडलेलं फूल उचलून आईंनी अंबाड्यात खोचलं. पॅरिसचे चार दिवस रांगांत गेले.

परतीच्या विमानात आईंनी चष्म्याचं घर उघडलं. आत ती कागदाची पट्टी होती. त्यांनी हुंगली, माझ्यापुढे धरली. "आता वाळला," म्हणाल्या, आणि काचांना लागू नये म्हणून रुमालात गुंडाळून परत ठेवून दिली.