नव्या कर्नलचं पहिलं बूट: पडद्यावरचे संदेश वाचताना

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर ६.६ मालिकेतला कर्नल (प्रणालीचा गाभा) कंपाइल करून झाला. पहिल्या बूटच्या वेळी ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडायच्या प्रोग्रॅमच्या) मेनूत नव्या कर्नलवर 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढले, सगळे संदेश पडद्यावर दिसावेत म्हणून शेवटी 'इग्नोर_लॉगलेव्हल' जोडलं आणि एफ१० दाबलं. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. डेबियनचा मूळ कर्नल मेनूत तसाच ठेवला होता. तो कधीही काढू नये.

पडद्यावर आलं: 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. म्हणजे रूट, अर्थात मुख्य फाइल सिस्टिम, जोडता न आल्याने कर्नल थांबला. हे दिसताच बरेच जण कॉन्फिग (कर्नलच्या पर्यायांची फाइल) बदलून पुन्हा कंपाइल करायला घेतात. त्याआधी कंसातले आकडे पाहावेत. (२५९,२) असं काही आलं, तर एनव्हीएमई प्रकारची डिस्क सापडली आहे, बहुधा एक्स्ट४ या फाइल सिस्टिमचा आधार कर्नलमध्ये नाही. (८,२) म्हणजे साटा डिस्कचं दुसरं पार्टिशन. (०,०) म्हणजे ग्रबच्या त्याच ओळीतल्या 'रूट=' मध्ये दिलेलं नाव कर्नलला कुठल्याच डिस्कशी जुळवता आलं नाही.

मग पॅनिकच्या थोडं वर उपलब्ध पार्टिशनांची यादी असते, ती बघायची. यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर नाही. माझ्या यादीत एनव्हीएमईची पार्टिशनं होती, म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्येच होता. अडचण 'रूट=यूयूआयडी' या नोंदीत होती. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती प्रणाली, ओळखतं. एकटा कर्नल तो ओळखत नाही, पार्टिशनचा पार्टयूयूआयडी ओळखतो. इनिटरॅमएफएस लोडच झालं नव्हतं.

जुन्या कर्नलमधून बघितलं, तर बूट डिरेक्टरीत नव्या आवृत्तीची इनिटआरडी फाइल, म्हणजे इनिटरॅमएफएसचीच फाइल, नव्हती. 'अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि आवृत्तीचं नाव दिल्यावर कारण कळलं: बूट पार्टिशनवर जागा शिल्लक नव्हती. डीबगची माहिती चालू ठेवून कंपाइल केलेली मोड्यूल्स (कर्नलचे वेगळे लोड होणारे भाग) फार फुगतात आणि त्यातली बरीच त्या फाइलमध्ये शिरतात. म्हणून ती माहिती काढून टाकणारा पर्याय देऊन 'मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मोड्यूल्स_इन्स्टॉल' आणि त्यानंतरच 'मेक इन्स्टॉल' चालवलं. हा क्रम उलटा झाला, तर इनिटरॅमएफएस मोड्यूल्सशिवायच तयार होतं. यावेळी लॉगिनपर्यंत पोचलो.

आता कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा: 'सुडो डीमेसेज --लेव्हल=एर्र,वॉर्न'. यातल्या 'डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२' या ओळींनी लोक उगाच धास्तावतात. -२ म्हणजे फाइल सापडली नाही, इतकंच. इंटेलचा वायफाय ड्रायव्हर आधी फर्मवेअरची (उपकरणात भरायच्या सॉफ्टवेअरची) सर्वांत नवी फाइल मागतो, नसेल तर एकेक पायरी जुनी. खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' दिसलं की विषय संपला. मात्र फाइल डिस्कवर असूनही कुठलीच लोड होत नसेल, तर कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर 'वाय' म्हणून कर्नलमध्येच बसवला आहे का ते तपासा. तसा असेल तर तो रूट माउंट होण्याआधीच फाइल मागतो. 'एम', म्हणजे वेगळं मोड्यूल, केलं की सुटतं.

राहिल्या एसीपीआयच्या (बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं त्या पद्धतीच्या) बायोस एररच्या ओळी. त्यांच्यासाठी दोन्ही कर्नलांचं 'डीमेसेज -टी' वेगवेगळ्या फाइलींत घेऊन 'डिफ' करणं, म्हणजे दोन्हींतला फरक काढणं, मला सर्वांत भरवशाचं वाटतं. छोट्या लिपीतल्या 'टी'मुळे वेळेचे आकडे गळतात, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळी दिसते. जी तक्रार डेबियनच्या कर्नलमध्येही आहे, ती बहुधा मशीनच्या बायोसची असते. तिच्यासाठी कॉन्फिगला हात लावू नये.