अपघाताची तारीख नसलेली दुखापत : माझा अनुभव

कामाच्या ठिकाणी झालेल्या दुखापतीची नोंद व्हावी म्हणून आमच्याकडे जो अर्ज भरावा लागतो, त्याच्या चौथ्या रकान्यात ‘अपघाताची तारीख व वेळ’ असे छापलेले आहे. या एका रकान्यापायी माझा अर्ज तीन वेळा परत आला. अंगठ्यावर उपचार होऊन मी बरी होत आले तरी कागद आपला तिथेच अडकलेला होता. त्या दिवसांची चीड अजून पुरती गेलेली नाही; पण अशाच कामात असलेल्या दुसऱ्या कोणाचे हेलपाटे वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि दिवसाचा बराचसा वेळ माझ्या हातात पिपेट, म्हणजे द्रव मोजून ओढण्या-सोडण्याचे उपकरण, असते. ९६ खळग्यांची एक प्लेट भरायची, तर ९६ वेळा अंगठ्याने दट्ट्या दाबून द्रव ओढायचा, ९६ वेळा तो सोडायचा, आणि दर वेळी टिप, म्हणजे पिपेटच्या टोकाला लावलेली प्लास्टिकची नळी, काढून टाकण्यासाठी पुन्हा जोर लावायचा; अशा कित्येक प्लेट एका दिवसात होतात. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे झुकवले आणि मी कळवळले. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली वर्णन केलेला हा विकार. अंगठ्याच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, मनगटाजवळ ज्या अरुंद आवरणातून जातात, ते आवरण जाड होते आणि अंगठ्याची प्रत्येक हालचाल तिथे अडखळू लागते. स्प्लिंट, विश्रांती, मग फिजिओथेरपी हे सारे सुरळीत पार पडले.

अडले ते अर्जापाशीच. पहिल्या वेळी मी तारखेचा रकाना रिकामा ठेवला, म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी मी ‘गेल्या काही महिन्यांत हळूहळू’ असे लिहिले. खिडकीपलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, इथे तारीखच लागते. ‘हळूहळू’ अशी नोंद आम्हाला करता येत नाही.” तिसऱ्या वेळी मी हट्टाने एक तारीख लिहिली : ज्या रात्री दुखण्याने मला झोपेतून जाग आली, ती. आठवड्याने अर्ज पुन्हा माझ्या टेबलावर आला, कारण ती तारीख सुट्टीची निघाली. “त्या दिवशी तुम्ही कामावरच नव्हता, मग ही दुखापत कामावरची कशी म्हणायची?” असा प्रश्न मला विचारण्यात आला. तारखेच्या खालच्या रकान्यांत साक्षीदाराचे नाव आणि ‘दुखापतीस कारणीभूत वस्तू’ विचारलेली होती. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, ते नियमाप्रमाणेच वागत होते. पण घसरून पडणे, कापणे आणि भाजणे यांपलीकडे दुखापत असू शकते, हे तो अर्ज तयार करणाऱ्यांच्या ध्यानातच आलेले नव्हते. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात लेखनिकांचे हात सततच्या एकाच हालचालीने कसे जायबंदी होतात, हे लिहून ठेवले त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. तो ग्रंथ प्रथम १७०० साली निघाला आणि लेखनिकांवरचे प्रकरण त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत आले. एवढ्या काळात अर्जात एक रकाना वाढू नये, याचा मला खरोखर राग आला.

तारीख का सांगता येत नाही, हे मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले आणि तिथूनच वाट सापडली. हलक्या कामासाठी मेंदू आधी स्नायूतली लहान मोटर युनिट (एक चेतापेशी आणि ती हलवते ते स्नायूतंतू, असा एक गट) कामाला लावतो. ती थकू लागली की तेवढाच जोर टिकवण्यासाठी मज्जासंस्थेला आणखी आणि मोठी युनिट ओढून आणावी लागतात. मोठ्या युनिटचा जोर ढोबळ असतो, त्यामुळे दाब एकसारखा राहत नाही, त्यात चढउतार होतात. शिवाय थकलेल्या स्नायूकडून सांध्याच्या स्थितीची जी जाणीव मिळते तीही ढिली पडते, म्हणजे अंगठा नेमका किती वाकला आहे याचा अंदाजच चुकतो. मग शरीर पर्याय शोधते : खांदा वर उचलला जातो, कोपर बाहेर जाते, मनगट करंगळीकडे कलते. थोड्या काळापुरते पाहिले तर ही सोय चांगलीच आहे, कारण भार वाटला जातो. पण माझ्या बाबतीत मनगट नेमके त्याच बाजूला कलत होते, ज्या बाजूला कलले की त्या दोन कंडरा आवरणात सर्वाधिक दाबल्या जातात. दिवसाच्या शेवटच्या शेकडो दाबण्या अशा वाकड्या मनगटाने झाल्या, आणि असे दिवस एकामागून एक गेले. यातली कोणती दाबणी अपघाताची म्हणून लिहायची?

इथे एक गोष्ट राहून जाते आहे, ती आधीच सांगायला हवी होती. जेवणाच्या सुट्टीनंतर हात ताजा वाटतो, त्यावर विसंबू नये. एडवर्ड्स या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले, की जोरदार श्रमानंतर स्नायूची कमाल ताकद परत आलेली असली तरी हलक्या संदेशांना त्याचा प्रतिसाद त्यानंतरही कित्येक तास मंद राहू शकतो. पिपेटचे काम असते ते नेमके अशाच हलक्या, मोजक्या जोराचे.

पुरावा शेवटी मला आमच्याच नोंदवहीत सापडला. पिपेट अचूक आहे ना, हे पाहण्यासाठी आम्ही ठरावीक दिवशी पाणी ओढून तराजूवर १० वेळा तोलतो. एक मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे एक मिलिग्रॅम भरते, म्हणून १०० मायक्रोलिटरसाठी आकडे १०० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवेत. द्रव ओढताना दट्ट्या पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचा असतो आणि तो थांबा अंगठ्याला अगदी बारीक अडथळ्यासारखा जाणवतो. थकलेला अंगठा तो ओलांडून पुढे जातो आणि द्रव जास्त ओढला जातो. तीच पिपेट, तोच तराजू, तेच पाणी आणि हातही माझाच. तरी सकाळी घेतलेले आकडे एकमेकांना चिकटून होते, आणि दिवसभराच्या प्लेटनंतर घेतलेले विखुरलेले, बरेचसे शंभराच्या वर होते. ती पाने उलटताना मला हेही दिसले, की आकड्यांचा हा विखुरलेपणा दुखणे सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून वाढत गेला होता. त्या काळात मी पिपेट दोनदा दुरुस्तीला पाठवली होती, आणि दोन्ही वेळा ती निर्दोष म्हणून परत आली होती.

चौथ्या अर्जासोबत मी त्या पानांच्या प्रती, डॉक्टरांचे निदान आणि फिजिओथेरपिस्ट बाईंचे एक पानी पत्र जोडले. तारखेच्या रकान्यात निदानाची तारीख लिहून ‘पुरवणी पाहावी’ असे नमूद केले, आणि पुरवणीत कालावधी ‘पासून – पर्यंत’ असा दिला. बारा दिवसांनी अर्ज मंजूर झाल्याचा शिक्का पाहिला तेव्हा मला भरून आले. या अर्जाच्या वाटेने जाणाऱ्याने निदानाची तारीख पहिल्याच वेळी लिहावी. ती कामाच्या दिवसाची असेल असे पाहावे, आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. मी पहिल्या दोन अर्जांची पोच घेतली नव्हती, त्यामुळे मधले दोन महिने हिशेबातच धरले गेले नाहीत.

नोंद झाल्यामुळे मला हलक्या दट्ट्याची इलेक्ट्रॉनिक पिपेट मिळाली आणि सलग प्लेट भरण्याऐवजी दोन प्लेटमध्ये निराळे काम करण्याची मुभा मिळाली. दुखेपर्यंत थांबू नये, हे मी आता नव्या मुलींना कामाच्या पहिल्याच दिवशी सांगते. टिप खळग्याच्या कडेला लागू लागली, थेंब बाहेर पडू लागला किंवा खांदा कानाकडे चढला, की पिपेट खाली ठेवावी. आमच्या नोंदवहीत वजनाच्या आकड्यांशेजारी वेळेचा आणि त्याआधी भरलेल्या प्लेटचा असे दोन रकाने मी स्वतः आखून घेतले आहेत. अर्जातला चौथा रकाना मात्र अजून तसाच आहे, आणि तो बदलावा म्हणून मी लेखी विनंती केली आहे. तिची पोच माझ्याजवळ आहे.