हत्तीचं चित्र आणि चार वर्षांची बोटं

भाचीला जन्मापासून दिसत नाही. तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने उठावाच्या चित्रांचं पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर हत्ती. तिने बोटं फिरवली आणि म्हणाली, "मावशी, ही दोरी आहे का?" बरोबरच होतं तिचं, कारण तिच्या हाताला फक्त एक वाकडीतिकडी रेघ लागत होती. हत्ती बाजूने असा दिसतो हे आपल्या डोळ्यांना माहितीये, तिने तो कधी पाहिलाच नाही तर त्या रेघेतून तिला हत्ती कुठून सापडणार?

तेव्हापासून मी तिच्यासाठी स्वतःच पुस्तकं बनवायला लागले. जाड कागद, एका पानावर ब्रेलची, म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीची, एकच ओळ, आणि चित्राऐवजी खरी वस्तू. पहिली गोष्ट हरवलेल्या बटणाची. एका पानावर शर्टाचा तुकडा आणि त्यावर बटण नसलेलं काज, पुढच्यावर चेन, मग चपटा कंगवा, शेवटी बटण. यातलं सगळं तिच्या रोजच्या हाताळणीतलं, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण वाचता येत नाही तर ब्रेल कशाला, हे मला दहा जणांनी विचारलं. अहो, डोळस मूल वाचायला शिकायच्या कितीतरी आधीपासून अक्षरं बघत असतं, डब्यांवर, पाट्यांवर, सगळीकडे, आणि या पोरीच्या वाट्याला ठिपके आपण मुद्दाम आणून दिल्याशिवाय येतच नाहीत. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, ती संपली की खाली उतरायचं, बोट दाबायचं नाही नुसतं हलकं सरकवायचं, हे तर अक्षरं ओळखण्याच्या आधीचं शिक्षण आहे. ठिपक्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर, जोरात दाबलं तर उलट कमी कळतं.

मी ब्रेलची पाटी (ठिपक्यांसाठी घरं असलेली चौकट) आणि टोच्याने लिहिते. कागदाच्या मागून टोचायचं, म्हणजे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. एकदा "हात" लिहायला गेले आणि ह उलटा करायचाच विसरले. ब्रेल वाचणाऱ्या एका मैत्रिणीने पानावर बोट फिरवलं आणि हसायलाच लागली, "अगं, इथे जात लिहिलंयस!" ब्रेलच्या प्रत्येक घरात सहा ठिपक्यांची जागा, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. ह चे ठिपके १, २, ५ आणि ज चे २, ४, ५, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. अख्खं पान पुन्हा केलं. (लुई ब्रेलने १८२४ मध्ये ही लिपी तयार केली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मला चाळिशीत एक ह जमत नाही.)

एक गंमत मात्र मला फार आवडते. छापील मराठीत "कि" लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, म्हणजे जसं उच्चारतो तसंच. पोरीला ती कसरत नाहीच.

चुका अजूनही होतात. मध्यंतरी तीन पुस्तकं आडवी एकावर एक रचून ठेवली, खालच्याचे ठिपके पार चपटे झाले. आता सगळी उभी ठेवते.

भाची आता चार वर्षांची आहे. अक्षरं तीन-चारच ओळखते, पण पुस्तक मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ओळीवरून जात मनाने गोष्ट सांगत बसते. बटण दर वेळी वेगळ्याच ठिकाणी हरवतं. परवा शेवटच्या पानाच्या खालच्या कोऱ्या भागावर पोचली, बोटं थांबली, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "इथे सगळे झोपलेत, बोलू नकोस."