मुक्काम क्योतोत की ओसाकात? आधी गजर किती वाजताचा ते सांगा

कान्साईत, म्हणजे जपानच्या क्योतो-ओसाका भागात चार-पाच रात्री काढायच्या असतील तर दोन्ही शहरांत हॉटेल घेऊन बॅगा ओढत फिरू नका. जेआरची (जपान रेल्वे) शिनकाइसोकु ही जलद गाडी अर्ध्या तासात, ५८० येनमध्ये एका शहरातून दुसऱ्यात पोचवते. शिनकानसेनला (बुलेट ट्रेन) पंधराच मिनिटं लागतात, पण तिकीट दुपटीहून महाग. शिवाय ती मूळ ओसाका स्टेशनात जातच नाही. शिन-ओसाकाला उतरून पुन्हा गाडी बदलावी लागते. वाचवलेला वेळ तिथेच जातो.

मग मुक्काम कुठे? माझ्या मते हे देवळांच्या यादीवर ठरवायचंच नाही. पहाटे पाचला उठायची तयारी असेल तर क्योतो. नाश्ता करून आरामात नऊला निघणारी मंडळी असतील तर ओसाका.

क्योतोची खरी कमाई सकाळी नऊच्या आत होते. फुशिमी इनारीचं देऊळ चोवीस तास उघडं असतं, तिकीट नाही. क्योतो स्टेशनवरून जेआर नारा लाइनच्या लोकलनं दुसरंच स्टेशन, पाच मिनिटं, बाहेर पडलं की समोर तोरी, म्हणजे देवळाची कमान. फक्त मियाकोजी रॅपिड या जलद गाडीत चढू नका, ती इनारीला थांबत नाही. सहा-साडेसहाला पोचलात तर केशरी कमानींखाली आपल्याच पावलांचा आवाज येतो. नऊनंतर त्याच वाटेवर गणपतीच्या रांगेसारखं पुढच्याच्या पाठीला चिकटून सरकायचं. उशीर झालाच तर खालीच फोटो काढून परतू नका. अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर योत्सुत्सुजीचा चौक लागतो, तिथून शहर दिसतं आणि त्यापुढे गर्दी विरळ होते. कियोमिझु-देरा हे देऊळही सकाळी सहाला उघडतं, तिकीट ५०० येन. त्या वेळी तिथे जाणाऱ्या सान्नेनझाका वाटेच्या पायऱ्यांवरची दुकानं बंद असतात, आणि तेच बरं.

हे सगळं ओसाकाहून करायचं तर पहिल्या गाड्यांची गणितं मांडावी लागतात. क्योतोत राहिलात तर दहाला खोलीवर परत येऊन पाय पसरता येतात.

क्योतोचं दुखणं म्हणजे बस. मागच्या दारानं चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरपाशी २३० येन टाकायचे. पेटीतून सुटे परत येत नाहीत. शेजारचं यंत्र हजाराची नोट मोडून देतं, पण ती आधी मोडून ठेवा, उतरताना नाही. जुन्या लेखांत भरपूर शिफारस असलेला फक्त-बसचा दिवसाचा पास आता बंद झालाय. भुयारी रेल्वे आणि बस मिळून १,१०० येनचा पास आहे. किन्काकुजीच्या (सोनेरी देऊळ) आसपास रेल्वे नाही, तिथे बस टळत नाही. बाकी शक्यतो रेल्वे आणि चालणं. हॉटेल स्टेशनजवळ घेण्यापेक्षा शिजो-कारासुमापाशी घ्या, तिथे हान्क्यू रेल्वे आणि भुयारी रेल्वे दोन्ही मिळतात. मुक्काम-कर मार्च २०२६ पासून वाढलाय. माणशी रात्रीचं भाडं ६,००० ते १९,९९९ येन असेल तर डोई ४०० येन, २०,००० ते ४९,९९९ असेल तर थेट १,०००, त्यापुढे आणखी जास्त.

आणि संध्याकाळी? बरीचशी देवळं साडेचार-पाचला बंद, निशिकी बाजारही त्याच सुमारास आवरतो. ओसाका तेव्हा कुठे जागं होत असतं. तिथे राहायचं तर ओसाका स्टेशनाजवळचं उमेदा की दक्षिणेकडचं नाम्बा, एवढंच ठरवा. क्योतो, कोबे, हिमेजी असा बेत असेल तर उमेदा. दोतोनबोरी गल्लीतलं खाणं, किन्तेत्सु रेल्वेनं नारा आणि नान्काई रेल्वेनं कान्साई विमानतळ हवा असेल तर नाम्बा. दोन्हींना भुयारी रेल्वेची लाल रंगाची मिदोसुजी लाइन जोडते. उमेदाच्या भुयारात मात्र स्टेशनचं नाव पुरत नाही, बाहेर पडायच्या दाराचा नंबर लिहून ठेवा. चुकलात तर रस्त्याच्या भलत्याच बाजूला वर याल.

शाकाहाऱ्यांसाठी ओसाका अवघड. ताकोयाकीत ऑक्टोपस. भाज्यांची ओकोनोमियाकी (तव्यावरचं जाड धिरडं) मागितली तरी वर कात्सुओबुशी, म्हणजे सुक्या माशाचा कीस पडतो, आणि पिठातही बहुधा दाशी, म्हणजे माशाचं सार असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण तिथे मासा मांसात धरत नाहीत. ‘कात्सुओ-दाशी नको’ असं लिहिलेली जपानी चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. क्योतोत शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण मिळतं. युदोफु दिसायला निव्वळ टोफू, पण सोबतच्या सॉसची चौकशी करा.

परतीच्या दिवशी ओसाकाहून विमानतळाला जेआरच्या रॅपिडनं निघालात तर पुढच्या चार डब्यांतच बसा. हिनेनो स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात: एक ते चार विमानतळाला, पाच ते आठ वाकायामाकडे.